मदत हवी आहे: गिटार वाजवत गाणं रेकॉर्ड करायला कोणता माईक? (जरा घाई आहे)

आळशी_मांजर:
नमस्कार मंडळी. मी अकूस्टिक गिटार वाजवते आणि गाते. मोबाईलवर रेकॉर्ड केलं की गिटार धडाधड अंगावर येते आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. चांगला माईक सुचवा. यूट्यूब बघून डोकं भंजाळलंय. सेल रविवारी संपतोय, तेव्हा "गरजेवर अवलंबून आहे" असं कृपया कोणी लिहू नका.

फ्रेट_बारावा:
गरजेवर अवलंबून आहे :)
बजेट? लॅपटॉपवर की फोनवर? गिटारला पिकअप (गिटारचा आवाज थेट वायरने बाहेर देणारा भाग) आहे का? आणि मुख्य म्हणजे वाजवणं-गाणं एकदम, की आधी गिटार आणि मग त्यावर गाणं?

डेट्रॉईटकर:
डोळे मिटून ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० माईक (कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा) आणि स्कारलेट सोलो इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचा डबा). माझ्या बेसमेंटमध्ये हाच सेट आहे. कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागते, ती सोलोत आहे. विषय संपला.

मध्यलय:
बेसमेंट म्हणे! आमच्याकडे पंखा, शेजारचा कुकर आणि खालचा भंगारवाला मिळून तीन साथीदार असतात. कंडेन्सर त्या सगळ्यांना घेऊन गातो. शुअर एसएम५८ घ्या, तो डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः जवळचंच ऐकणारा. १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर आहे, हातातून पडला तरी चालतो.

डेट्रॉईटकर:
ताईंना माईक पाडायचा नाहीये, रेकॉर्ड करायचंय. अकूस्टिकच्या तारांची वरची चमक ५८ ला कुठे मिळणार? शिवाय डायनॅमिकला गेन (इंटरफेसने आवाज वाढवणं) जास्त लागतो. स्वस्त इंटरफेसचा गेन पूर्ण उघडला की मागे खरखर आलीच.

जुना_तंबोरा:
तारा कधी बदलल्या होत्या? गंजक्या तारांपुढे लाखाचा माईक ठेवला तरी गंजच ऐकू येणार. दुसरं, काळी दोनच्या पट्टीत गाता की कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून सोय बघता? आमच्या वेळी कॅसेट डेकवर एका माईकमध्ये अख्खी मैफल उतरायची.

पावभाजी_प्रेमी:
यूएसबी माईक घ्या, थेट लॅपटॉपला लावा. इंटरफेसची कटकटच नको. अवांतर: मुलगा आठवीत आहे, ठाण्यात गिटारचा चांगला क्लास कुठे आहे?

मध्यलय:
@पावभाजी_प्रेमी, क्लाससाठी वेगळा धागा काढा हो.

आळशी_मांजर:
बाप रे, किती प्रश्न. बजेट वीस हजार, स्टँड-बिंड सगळं धरून. लॅपटॉप विंडोजचा. पिकअप नाही. वाजवणं-गाणं एकदमच, वेगळं केलं की माझी लय सुटते. तारा नव्या आहेत काका. घर स्टेशनजवळ आहे, त्याने फरक पडतो का?

मध्यलय:
जवळ म्हणजे किती?

आळशी_मांजर:
डोंबिवली. खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसतो.

मध्यलय:
आणि हे आत्ता सांगताय!

फ्रेट_बारावा:
आता नीट सांगता येईल. सोलो बाद. तिला माईकची जागा एकच, दुसरी जागा पिकअप किंवा लाइनसाठी, आणि तुमच्याकडे पिकअप नाही. बेरिंगरचा यूएमसी२०२एचडी बघा: माईकच्या दोन जागा, फँटम पॉवर, विंडोजसाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज उशीर न होता लॅपटॉपमध्ये नेणारं सॉफ्टवेअर). त्याचा धाकटा भाऊ यूएमसी२२ स्वस्त आहे, पण माईक एकच आणि एएसआयओ फोर ऑल नावाच्या उसन्या ड्रायव्हरवर चालतो.

यूएसबी माईक आज सोपा वाटेल. उद्या दुसरा माईक जोडायचा म्हटलं की अडकाल, कारण एएसआयओवर सहसा एका वेळी एकच उपकरण चालतं.

माईकबद्दल डेट्रॉईटकर आणि मध्यलय दोघांचंही अर्धं बरोबर आहे. एकाच माईकने दोन्ही टिपायचं तर तो फूट-दीड फूट लांब ठेवावा लागतो, आणि तेवढ्या अंतरावर ५८ दुबळा पडतो. म्हणून सध्या एकच कंडेन्सर. तो छातीच्या उंचीवर, गिटारच्या बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांबीच्या) समोर. भोकासमोर अजिबात नको, ती धडधड तिथूनच येते. गाणं मागे पडलं तर माईक थोडा वर, गिटार दबली तर थोडा खाली. हा तोल रेकॉर्ड करतानाच साधा, नंतर दोन आवाज वेगळे करता येत नाहीत. पाठीमागे आणि बाजूला रजया टांगा, माईकची पाठ खिडकीकडे. लोकलचा घरघराट थोडा कमी होईल, जाणार नाही. रेकॉर्डिंग शेवटच्या गाडीनंतरच.

पैसे साठले की दोन डायनॅमिक: ५८ तोंडाजवळ, शुअरचाच एसएम५७ बाराव्या फ्रेटपाशी. मग दिवसाही जमेल.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. साठ दिवस चाचणीला मिळतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलर.

डेट्रॉईटकर:
म्हणजे शेवटी एटी२०२०च ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

मध्यलय:
रात्री दोनला गा म्हणावं, सोसायटीची नोटीस आली की डेट्रॉईटला फॉरवर्ड करा.

जुना_तंबोरा:
पट्टीचं अजून कळलं नाही.

आळशी_मांजर:
काळी चार, कॅपो लावून :) २०२एचडी आणि एटी२०२० दोन्ही मागवले, उद्या येतील. फ्रेटदादा, खूप आभार. पॉप फिल्टर (प-फ चे फटकारे अडवणारी जाळी) लागेल का?

फ्रेट_बारावा:
दीड फुटावरून नाही लागणार. स्टँड आणि एक्सएलआर केबल (माईक इंटरफेसला जोडायची) मागवली ना?

आळशी_मांजर:
केबल माईकसोबत येत नाही???