यूएसबी मायक्रोस्कोप-कॅमेरा लॅबचा पीसी ओळखत नाही, लॅपटॉपवर मात्र चालतो – मदत हवी आहे

तांबडीमाती
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मायक्रोस्कोप मोजके, मुलं ढीगभर. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड लावली की रांग लागते, आणि शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत कुणीतरी फोकसचा स्क्रू फिरवून ठेवलेला असतो. म्हणून आयपीस काढून त्या जागी बसणारा यूएसबी कॅमेरा मागवला, म्हणजे चित्र थेट प्रोजेक्टरवर दाखवता येईल.

अडचण अशी: लॅबच्या डेस्कटॉपला कॅमेरा लावला की 'टुडुंग' आवाज येतो आणि कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी पाटी झळकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३. विंडोज १० आहे. मायक्रोस्कोप खिडकीजवळच्या ओट्यावर आणि पीसी प्रोजेक्टरपाशी, त्यामुळे मध्ये ५ मीटरची एक्स्टेन्शन केबल आहे. कॅमेऱ्याची स्वतःची वायर दीड मीटरची.

घोळ इथेच आहे. तोच कॅमेरा, तीच एक्स्टेन्शन माझ्या लॅपटॉपला लावली तर व्यवस्थित चालतं. म्हणजे कॅमेराही ठीक आणि केबलही ठीक. विकणारा म्हणतो, 'मॅडम, पीसी फॉरमॅट मारा.' सोबत ड्रायव्हरची छोटी सीडी आली आहे, पण पीसीला सीडी ड्राइव्हच नाही. प्रॅक्टिकल तोंडावर आलंय. काय करू?

खटपट्या
ताई, फॉरमॅट सगळ्यात शेवटी. आधी डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या अननोन नोंदीवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, पीसी पूर्ण बंद करा, प्लग काढून पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मग परत सुरू करा. मदरबोर्डचे चिपसेट ड्रायव्हर जुने असतील तर तेही घाला. आणि सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे कॅमेरा, तिथली परवानगी चालू आहे ना बघा. माझ्याकडे एकदा तीच बंद होती.

उंबरठा
पहिला उपाय करून बघायला हरकत नाही, पण प्रायव्हसीचा इथे संबंध नाही. ती परवानगी बंद असली तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा नावासकट दिसतो, फक्त ॲपमध्ये चित्र येत नाही. इथे गाडी त्याच्या कितीतरी आधी अडली आहे.

यूएसबीला काहीही जोडलं की पीसी आधी विचारतो, 'तू कोण?' जोडलेली वस्तू १८ बाइटांत आपली ओळख देते: कोणत्या कंपनीची, कोणतं मॉडेल, वगैरे. यालाच डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. ड्रायव्हर कोणता लावायचा हे त्यानंतर ठरतं. तुमच्याकडे ही ओळखच धड पोहोचत नाही, मग सीडी असती तरी काय उपयोग? बहुतेक असे कॅमेरे यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूएसबी कॅमेऱ्यांचं सामाईक मानक) प्रकारचे असतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोजमध्ये एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आहेच. ती सीडी ड्रॉवरमध्येच राहू द्या. इंटरनेटवरून 'युनिव्हर्सल वेबकॅम ड्रायव्हर' उतरवायला तर अजिबात जाऊ नका, त्यातून भलतंच काहीतरी घरात घ्याल.

खात्री करायची तर त्या नोंदीवर डबल क्लिक करा, 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक. 'व्हीआयडी_००००' दिसलं तर ओळख मिळालेलीच नाही. खरा आकडा दिसला तर मग ड्रायव्हरचं बोलू.

दोन गोष्टी सांगा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावताय की मागच्या? आणि एक्स्टेन्शनच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत काय छापलंय?

तांबडीमाती
व्हीआयडी_०००० च आहे. पोर्ट पुढचं, कारण कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलंय. अनइन्स्टॉल वगैरे केलं, फरक नाही. केबलवर मोबाइलचा टॉर्च मारून वाचलं: '२८एडब्ल्यूजी/१पी + २८एडब्ल्यूजी/२सी'. हे काय प्रकरण आहे?

उंबरठा
तोच धागा पकडायचा होता. १पी म्हणजे डेटाच्या दोन तारांची जोडी, २सी म्हणजे वीज नेणाऱ्या दोन तारा. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. बऱ्या केबलमध्ये विजेच्या तारा २४ च्या असतात, तुमच्यात त्याही २८ च्या. २८ च्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. ५ मीटर जायचे, ५ यायचे, म्हणजे २ ओहमच्या वर. कॅमेऱ्याने ३०० मिलिअँपिअर ओढले, तर नुसत्या एक्स्टेन्शनमध्ये ०.६ व्होल्ट गेले. पोर्टवर ५ असले तरी पलीकडे ४.४ च्या आत. तांबं भेसळीचं असेल तर आणखी कमी.

शिवाय यूएसबी २.० मध्ये केबलची मर्यादाच ५ मीटरची, आणि तुमची बेरीज साडेसहा. गंमत म्हणजे त्या मानकात अशा साध्या एक्स्टेन्शनला परवानगीच नाही, तरी बाजारात ढिगाने मिळतात.

लॅपटॉपवर का चालतं? तिथे पोर्ट थेट बोर्डावर असतं. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपासून मदरबोर्डपर्यंत आतून आणखी एक वायर जाते, वर पिनांचा एक जोड. आधीच काठावर असलेलं काम तिथे फसतं. म्हणजे केबल 'ठीक' नाही, लॅपटॉपने ती निभावून नेली इतकंच.

आता असं करा: पुढे एक्स्टेन्शनशिवाय, मग मागे एक्स्टेन्शनशिवाय, मग मागे एक्स्टेन्शनसह लावून बघा. मागे म्हणजे मदरबोर्डवरचीच पोर्ट, जिथे माउस-कीबोर्ड लावतात तिथली.

फॉरमॅटवाल्यांना कोपरापासून नमस्कार सांगा.

तांबडीमाती
शिपाईदादांना बोलावून कॅबिनेट पुढे ओढलं, मागे कोळ्याचं अख्खं साम्राज्य! निकाल असे. पुढे, एक्स्टेन्शन न लावता: चाललं. मागे, न लावता: चाललं. मागे एक्स्टेन्शनसह: नाव दिसतं, चित्र येतं, पण सर्वांत मोठं रिझोल्यूशन निवडलं की चित्र गोठतं आणि परत 'टुडुंग'. ६४० बाय ४८० वर टिकतं. पुढे एक्स्टेन्शनसह: पहिल्यासारखंच, काही नाही.

उंबरठा
निदान पक्कं. कॅमेरा आणि विंडोज दोन्ही निर्दोष. मोठ्या रिझोल्यूशनला कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि डेटाही जास्त पाठवतो, म्हणून तिथे कोलमडतो. सगळ्यात स्वस्त उपाय: पीसी ओट्याकडे सरकवा आणि प्रोजेक्टरची केबल लांब करा. ते जमत नसेल तर 'ॲक्टिव्ह' किंवा 'रिपीटर' एक्स्टेन्शन घ्या. तिच्यात एक छोटी चिप असते, ती सिग्नल ताजा करून पुढे पाठवते. शक्यतो वेगळ्या ॲडॅप्टरची सोय असलेली घ्या.

पारिजात
मी ॲडॅप्टरवाला यूएसबी हब मायक्रोस्कोपजवळ ठेवते, त्यातून कॅमेऱ्याला वीज मिळते. फक्त बिनॲडॅप्टरचा हब घेऊ नका. तो पीसीच्या पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरमधूनच सगळ्यांना वाटतो, आणि हबपर्यंतची केबल ५ मीटरच्या आतच हवी.

खटपट्या
हे केबलवरचं छापील वाचतात हे माहीतच नव्हतं. घरातल्या सगळ्या केबली काढून बसलोय, बायको विचारतेय काय चाललंय.

तांबडीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. ॲडॅप्टरवाली रिपीटर केबल मागवते, तोवर प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपच पीसीशेजारी आणते. आता एक शेवटचं विचारू? चित्र येतंय, पण सगळं हिरवट दिसतं. गुणसूत्रांचा लालसर रंग नीट कळत नाही.

पारिजात
ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याने आपलं आपण ठरवण्याचा खेळ आहे. डोळ्याला पांढरं वाटलं तरी मायक्रोस्कोपच्या दिव्याचा स्वतःचा रंग असतो, आणि स्लाइडवर लाल जास्त दिसलं की कॅमेरा ते 'दुरुस्त' करायला जातो. ओबीएस स्टुडिओ हे व्हिडिओ रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॅमेरा सोर्स म्हणून जोडा, 'कन्फिगर व्हिडिओ' उघडा, व्हाइट बॅलन्सची ऑटो खूण काढा. मग स्लाइड बाजूला सरकवून नुसता उजेड दिसू द्या आणि तो पांढरा दिसेपर्यंत पट्टी हलवा. एक्स्पोजरचं ऑटोही तिथेच बंद करा, नाहीतर स्लाइड सरकली की चित्र उजळत-काळवंडत राहतं.