'छायाचित्र' हा शब्द खरंच चुकीचा आहे का?

फोटो म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश, ग्राफी म्हणजे रेखाटणं किंवा लिहिणं, म्हणून मराठीत 'प्रकाशचित्र'च हवं, 'छायाचित्र' म्हणजे उलटा अर्थ झाला, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

एक तर 'फोटोग्राफी' हे नाव पक्कं व्हायच्या आधी बरीच नावं चालू होती. फ्रान्समधल्या निएप्स या संशोधकाने आपल्या पद्धतीला हेलिओग्राफी म्हटलं होतं, म्हणजे सूर्यलेखन. आणि इंग्लंडात टॅल्बट हा संशोधक आपल्या पद्धतीला सुरुवातीला चक्क 'स्कियाग्राफी' म्हणायचा, त्यातला 'स्किया' म्हणजे ग्रीकमध्ये सावली! म्हणजे आपलं छायाचित्रच की. चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर पान किंवा लेस ठेवून उन्हात ठेवायची, ऊन लागेल तिथे कागद काळा पडायचा आणि जिथे सावली तिथे पांढरा राहायचा, त्यामुळे कागदावर उमटायची ती त्या वस्तूची सावलीच, फक्त पांढरी. जानेवारी १८३९ मधल्या निबंधात तर त्याने 'सावली पक्की करण्याची कला' असंच म्हटलंय. 'फोटोग्राफी' हा शब्द हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे वापरला आणि तोच टिकला, निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हे शब्दही त्याचेच. (ब्राझीलमध्ये फ्लोरेन्स नावाच्या संशोधकाने त्याआधीच १८३४ च्या सुमारास 'फोटोग्राफी' लिहून ठेवलं होतं, पण ते तेव्हा फारसं कुणाला कळलंच नाही.)

आणि संस्कृतात छाया म्हणजे नुसती सावली थोडीच, प्रतिबिंब, कांती हेही अर्थ आहेत. प्राकृत मजकुराच्या संस्कृत रूपालाही 'छाया'च म्हणतात, म्हणजे मूळ वस्तू एकीकडे आणि तिचंच रूप दुसरीकडे. फोटोला याहून नेमका शब्द कुठला मिळणार?

> यावर कुणी विचारेल: पण बोलताना कोण छायाचित्र म्हणतं? फोटोच म्हणतो आपण. आणि फोटो 'काढणे' की 'घेणे'?

बोलताना फोटोच, त्यात काही वाईट नाही, तो शब्द आता आपलाच झालाय. पण क्रियापद मात्र मी 'काढणे'च वापरेन. चित्र काढतो तसा फोटो काढतो, म्हणजे 'ग्राफी'तलं रेखाटणं त्या क्रियापदात आपोआप आलंच. 'घेणे' मला इंग्रजीच्या सवयीने आल्यासारखं वाटतं. हिंदीत खींचतात, तेही रेघ ओढण्याच्याच जवळचं.