नेमारचे २२ कोटी २० लाख युरो नेमके कुणाला मिळाले आणि ते वसूल कसे झाले?

प्रश्न – शाहू स्टेडियमचा प्रेक्षक

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून पेठांच्या फुटबॉल संघांचे सामने पाहतच लहानाचा मोठा झालो आहे. गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर एक जुना वाद पुन्हा उकरून काढला गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिस सां-जर्मां, म्हणजेच पीएसजी या क्लबने बार्सेलोनाच्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. त्या वेळच्या दराने ही रक्कम साडेसोळाशे कोटी रुपयांच्या आसपास जाते. त्याआधीचा उच्चांक पोग्बाच्या नावावर होता आणि तो साडेदहा कोटी युरोंचा होता, म्हणजे एका उडीत आकडा दुपटीच्याही पुढे गेला.

आमच्यातील एक जण ठामपणे सांगतो की नेमारच्या नावाच्या जर्सी विकूनच हा पैसा वर्षभरात वसूल झाला. दुसरा मित्र बँकेत नोकरीला आहे. त्याच्या मते हा निव्वळ पीएसजीच्या कतारी मालकांच्या पैशाचा माज होता आणि त्यात वसुलीचा प्रश्नच उद्भवत नाही. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. हा पैसा आयपीएलच्या लिलावासारखा खेळाडूच्या खिशात जातो का? क्लब त्याचा हिशेब कसा मांडतात? आणि सगळे भाव चढत असताना २०१७ चा हा उच्चांक अजून मोडला कसा गेला नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – खतावणी

आयपीएलचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली, ती त्याच्या मानधनाची रक्कम होती आणि प्रत्येक संघाला एकूण १२० कोटींचीच मर्यादा होती. फुटबॉलमधील बदलीची रक्कम मात्र जुन्या क्लबला मिळते, कारण खेळाडूचा करार मुदतीपूर्वी संपवण्याची ती भरपाई असते. खेळाडूचा पगार आणि करारावर सही करण्याचा बोनस हा त्याहून वेगळा खर्च असतो. १९९५ च्या बॉसमन खटल्याच्या निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात कोणतीही रक्कम न मोजता दुसरीकडे जाऊ शकतो, त्यामुळे क्लब मोजतो ती किंमत खेळाडूच्या कौशल्याइतकीच त्याच्या करारात उरलेल्या वर्षांचीही असते.

नेमारच्या बाबतीत ही भरपाई आधीच ठरलेली होती. स्पेनमध्ये १९८५ च्या एका राजादेशाने व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार मोडण्याचा हक्क दिला आहे आणि त्यामुळे तेथील क्लब करारातच भरपाईचा आकडा लिहून ठेवतात. बार्सेलोनाने २२ कोटी २० लाख हा आकडा 'एवढे कोण देणार आहे' अशा समजुतीने लिहिला होता. ३ ऑगस्ट २०१७ रोजी नेमारचे वकील तेवढ्या रकमेचा धनादेश घेऊन माद्रिदमध्ये ला लीगा या स्पेनच्या फुटबॉल लीगच्या कार्यालयात गेले, तेव्हा लीगने तो स्वीकारायला नकार दिला. त्याच दिवशी ती रक्कम थेट बार्सेलोना क्लबच्या कार्यालयात भरण्यात आली. या व्यवहारात घासाघीस झालीच नाही, म्हणूनच तो आकडा बाजारभावापासून इतका फटकून आहे.

आता जमाखर्चाकडे वळतो. विकत घेतलेल्या खेळाडूचा करार हा ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवला जातो आणि त्याची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून दरवर्षी खर्ची टाकली जाते. नेमारचा करार पाच वर्षांचा होता, म्हणून पीएसजीच्या नफा-तोटा पत्रकात बदलीपोटी दरवर्षी ४ कोटी ४४ लाख युरो लागणार होते. रोख रक्कम एकाच दिवशी गेली तरी हिशेबात ती पाच वर्षे झिरपत राहते, आणि युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचे आर्थिक नियम हा हिशेब पाहतात.

विक्रीचा हिशेब याच्या उलट चालतो. समजा, एखादा खेळाडू १० कोटींना पाच वर्षांसाठी घेतला आणि तीन वर्षांनी ६ कोटींना विकला, तर कट्ट्यावर सगळे '४ कोटी बुडाले' म्हणतील. परंतु त्याची पुस्तकी किंमत तोवर ४ कोटींवर आलेली असल्याने वहीत २ कोटींचा नफा दिसतो. स्वतःच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत जवळपास शून्यच असते आणि त्याची सगळी विक्री नफ्यात जमा होते. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने २०२३ मध्ये आपल्याकडे लहानपणापासून वाढलेला मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडला विकला, त्यामागे हे गणितही होते. चेल्सीनेच एन्झो फर्नांडिस आणि मुद्रिक यांना त्याच वर्षी साडेआठ वर्षांचे करार देण्यामागेही हिशेब असा होता की भागाकारातील भाजक मोठा केला की वार्षिक खर्च आपोआप लहान दिसतो. युएफाने आणि पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. (आमच्या व्यवसायात अशा कल्पकतेचे कौतुक करावे की चिंता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

जर्सीचे गणित दोन ओळींत संपते. जर्सी कंपनी बनवते आणि विकते, तर क्लबला साधारणतः विक्रीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास स्वामित्वधन मिळते. एका जर्सीमागे क्लबला १२ युरो मिळतात असे धरले, तरी २२ कोटी २० लाख भरून यायला १ कोटी ८५ लाख जर्सी खपाव्या लागतील. शिवाय त्या सगळ्या केवळ नेमारमुळेच खपल्या, नाहीतर त्या चाहत्यांनी दुसऱ्या कुणाचीच जर्सी घेतली नसती, असेही मानावे लागेल.

उत्तर २ – फातोर्डा पूर्व स्टँड

खतावणी यांचा हिशेब चोख आहे, परंतु ताऱ्याची किंमत अशा ठिकाणी वसूल होते जिथे त्याच्या नावाची वेगळी नोंदच होत नाही. प्रायोजकाशी पुढचा करार करताना क्लबचा हात वर राहतो, मैत्रीपूर्ण सामन्यांच्या दौऱ्याचे मानधन वाढते आणि परदेशातील प्रक्षेपणाला गिऱ्हाईक मिळते. पीएसजीची मालकी २०११ पासून कतारच्या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे आहे. २०२२ चा विश्वचषक ज्या देशात व्हायचा होता, त्या देशासाठी नेमार ही केवळ फुटबॉलची खरेदी नव्हती.

एक प्रसंग मी अगदी जवळून पाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेसाठी सौदीचा अल नस्र संघ एफसी गोवाविरुद्ध खेळायला फातोर्ड्यात आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये अल नस्रने रोनाल्डोला घेतले, तेव्हा तो करारमुक्त असल्याने बदलीची रक्कम शून्य होती आणि सगळा खर्च पगाराचा होता. गोव्याच्या त्या सामन्याला तो आला नाही. तरीही मडगावात शिरल्यापासून मला पिवळ्या रंगाच्या, रोनाल्डोच्या सात क्रमांकाच्या जर्सी घातलेली मुले दिसत होती, आणि ब्रायसन फर्नांडिसने आपल्या संघाचा गोल केला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील असाच एक पिवळा मुलगा सर्वांत आधी उठून नाचला. आम्ही २-१ असे हरलो. जो माणूस मैदानावरच नव्हता त्याच्या नावावर एवढी वर्दळ होते, तर या वर्दळीची किंमत कोणत्या खात्यात लिहायची, असा माझा खतावणी यांना प्रश्न आहे.

प्रतिसाद – शाहू स्टेडियमचा प्रेक्षक

दोघांचेही आभार. जर्सीवाला मित्र सध्या गप्प आहे. बँकवाला मात्र विचारतो की, पीएसजीचा खर्च ठीक, पण ज्या बार्सेलोनाच्या हातात एवढी रोकड आली, तो क्लब चार वर्षांत कर्जात बुडाला, हे कसे?

उत्तर ३ – डावा बचावपटू

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील शिकण्यासारखा भाग हाच आहे. बार्सेलोनाच्या खात्यात २२ कोटी २० लाख आल्याचे सगळ्या युरोपने वर्तमानपत्रात वाचले होते, बदलीचा हंगाम संपायला जेमतेम चार आठवडे उरले होते आणि चाहत्यांना नेमारच्या जागी तेवढेच मोठे नाव हवे होते. घर विकून आलेला माणूस खिसा फुगलेला ठेवून दुसरे घर पाहायला गेला की दलाल काय भाव सांगतो, ते आपल्याला ठाऊक आहे. बोरुसिया डॉर्टमुंडने उस्मान डेम्बेलेला २०१६ मध्ये रेन क्लबकडून दीड कोटी युरोंना घेतले होते. वर्षभरात त्यांनी तो बार्सेलोनाला साडेदहा कोटींना आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यास वर आणखी चार कोटींपर्यंत, अशा बोलीवर विकला. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने फिलिप कुटिन्योसाठी १२ कोटी युरो आणि वर तशाच चार कोटींपर्यंतच्या अटी मान्य करून घेतल्या. त्याला लिव्हरपूलने २०१३ मध्ये इंटर मिलानकडून ८५ लाख पौंडांना आणले होते. नेमारची रक्कम अशी दोन व्यवहारांतच संपली, आणि २०१९ मध्ये आणखी १२ कोटी ग्रीझमन या खेळाडूसाठी गेले.

कुटिन्योच्या त्याच पैशातून लिव्हरपूलने साडेसात कोटी पौंडांचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डायक आणि मग गोलरक्षक अलिसन घेतला. मे २०१९ मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर बार्सेलोना ४-० अशी हरली, तेव्हा कुटिन्यो बार्सेलोनाच्या जर्सीत खेळत होता आणि समोर हे दोघे उभे होते. पुढच्या वर्षी कुटिन्योला बार्सेलोनाने बायर्न म्युनिककडे तात्पुरते पाठवले असताना, ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सेलोनाचा ८-२ असा फडशा पाडला आणि शेवटचे दोन गोल कुटिन्योचेच होते. म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या खेळाडूचे दोन गोल बार्सेलोनाने स्वतःच खाल्ले.

बुडण्याचे खरे कारण मात्र पगार होते. बदलीची रक्कम एकदा देऊन होते. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि एका नव्या ताऱ्याचा आकडा कळला की ड्रेसिंग रूममधील बाकीचेही पुढच्या करारात तोच आकडा मागतात. मग कोविडमध्ये रिकाम्या मैदानांनी तिकीटविक्री आणि संग्रहालयाचे उत्पन्न आटले. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी जाहीर केलेले कर्ज १३५ कोटी युरोंचे होते आणि पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के झाला होता. लीगच्या पगारमर्यादेत बसत नसल्याने मेस्सीची नोंदणी होऊ शकली नाही आणि तो पीएसजीलाच गेला. २०२२ मध्ये क्लबने लीगच्या प्रक्षेपण हक्कांतील आपल्या उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी विकून टाकला. आपल्याकडे उभे पीक सावकाराला लिहून देतात तशातला हा व्यवहार आहे, फरक इतकाच की इथे पंचवीस हंगाम लिहून दिले आहेत.

उत्तर ४ – खतावणी

फातोर्ड्याच्या प्रश्नाला उत्तर असे की ही वर्दळ आमच्या वहीत 'ख्याती' म्हणून लिहिता येते, परंतु ती विकत घेतली तरच. स्वतः निर्माण केलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही.

नेमारचा पैसा कुणाला मिळाला, याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो २०१३ मध्ये सान्तोसहून बार्सेलोनाला आला, तेव्हा क्लबने ५ कोटी ७१ लाख युरो खर्च जाहीर केला होता. त्यातले केवळ १ कोटी ७१ लाख सान्तोसला मिळाले आणि ४ कोटी नेमारच्या आईवडिलांच्या कंपनीला गेले. डीआयएस नावाच्या ब्राझीलच्या गुंतवणूक कंपनीकडे नेमारच्या बदलीच्या रकमेवरील हक्कांचा ४० टक्के हिस्सा होता. तिला हा हिस्सा फक्त सान्तोसच्या रकमेवर, म्हणजे सुमारे ६८ लाख, इतकाच मिळाला. प्रकरण चिघळले, जानेवारी २०१४ मध्ये बार्सेलोनाचे अध्यक्ष रोसेल यांनी राजीनामा दिला आणि डीआयएसच्या तक्रारीवरचा खटला डिसेंबर २०२२ मध्ये सर्व आरोपींच्या सुटकेने संपला. खेळाडूच्या हक्कांत अशी तिऱ्हाइताची भागीदारी ठेवण्यावर फिफाने २०१५ मध्ये बंदी घातली.

२०१७ च्या रकमेत मात्र सान्तोसला पुन्हा वाटा होता. आंतरराष्ट्रीय बदलीच्या ५ टक्के रक्कम, खेळाडूला बारा ते तेवीस या वयात ज्यांनी घडवले त्या क्लबांमध्ये वाटली जाते: पंधराव्या वर्षापर्यंत दर वर्षामागे पाव टक्का आणि त्यापुढे अर्धा टक्का. २२ कोटी २० लाखांवर हा आकडा १ कोटी ११ लाख होतो, आणि त्यात सान्तोसचा हिस्सा सर्वांत मोठा होता.

उच्चांक का मोडला नाही, याचे मला दिसणारे कारण असे की सर्वांत महाग खेळाडू आता करार संपण्याची वाट पाहतात. एमबापेसाठी पीएसजीने १८ कोटी युरो मोजले होते आणि २०२४ मध्ये तो बदलीची एक कवडीही न देता रेआल माद्रिदला गेला. जो पैसा क्लबला मिळाला असता तो बोनसच्या रूपाने खेळाडूकडे वळला. शिवाय युएफाने आता पगार, बदल्या आणि दलाली यांवरचा एकूण खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर आणून ठेवला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलने इसाक या खेळाडूसाठी साडेबारा कोटी पौंड देऊन ब्रिटनमधील उच्चांक केला, तोही नेमारच्या आकड्यापासून बराच दूर राहिला. आणि पीएसजीला युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग मिळाली ती मे २०२५ मध्ये, नेमार, मेस्सी आणि एमबापे हे तिघेही गेल्यावर. त्या संघाचा म्होरक्या होता डेम्बेले, ज्याला त्यांनी बार्सेलोनाकडून सुमारे ५ कोटींना, म्हणजे बार्सेलोनाने मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतले होते.

उत्तर ५ – फातोर्डा पूर्व स्टँड

डावा बचावपटू यांच्या लिखाणात एक दुरुस्ती सुचवतो. व्हॅन डायकचा करार २७ डिसेंबर २०१७ रोजी जाहीर झाला आणि कुटिन्यो ६ जानेवारीला गेला. त्यामुळे 'त्याच पैशातून' घेतला असे व्हॅन डायकबद्दल काटेकोरपणे म्हणता येणार नाही. अलिसनबद्दल म्हणता येईल.

उत्तर ६ – डावा बचावपटू

दुरुस्ती मान्य आहे. व्हॅन डायकच्या वेळी तो पैसा लिव्हरपूलच्या हातात नव्हता, फार तर नजरेच्या टप्प्यात होता असे म्हणतो. हा फरक किती मोठा धरायचा, ते प्रेक्षक यांच्या बँकेतील मित्रानेच सांगावे.