शिडाचं जहाज पहिल्यांदाच बनवायचंय, कुठलं घेऊ? (लातूर)

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. यूट्यूबवर लोकं जुन्या जहाजांची लाकडी मॉडेलं बनवायलेत ते बघून बघून माझ्या डोक्यात किडा शिरलाय. बायको म्हणायली, २०१६ ला ज्या गावात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं तुम्हाला जहाज सुचायलंय! एचएमएस व्हिक्टरी या जुन्या इंग्रजी लढाऊ जहाजाचं किट मागवावं म्हणतोय, तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा, एकदम जबरदस्त. नाहीतर घरी जुन्या वाड्याचं सागवान पडून हाय, त्याच्याच पट्ट्या पाडू का? अन् खरं सांगा, यात असं काय असतंय की माणसं एकाच जहाजावर वर्षानुवर्षं बसतात?

रंधा_नांदेड:
भाऊ, पहिल्याच झटक्याला व्हिक्टरी नको. लाकूडकाम कसंबसं होतं, मग दोरकाम चालू होतं अन् तिथं माणूस वैतागतो. डोलकाठीवर चढायच्या दोरशिड्यांची एकेक पायरी चिमट्यानं गाठ मारून बांधायची, अशा शेकड्यानं गाठी. अर्धी व्हिक्टरी माळ्यावरच जाते.

सागवानाचं म्हणशील तर खऱ्या जहाजाला त्याच्यासारखं लाकूड नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१७ ला पाण्यात उतरलेलं त्रिंकोमाली आजबी इंग्लंडात हार्टलपूलला तरंगायलंय, ते सागाचंच. पण मॉडेलला साग नको. १:४८ च्या मापात सहा फुटी माणूस दीड इंचाचा होतो, मग त्या मापात सागाची रेघ केवढी दिसंल बघ की. हळदू बघ, पिवळसर अन् बारीक पोताचं, पूर्वी कंगवे करायचे त्याचे. लाकूड कापणाऱ्याकडं तुकडे मिळून जातात.

अन् मजा कशात हाय म्हणतोस तर फळ्या बसवण्यात. सांगाड्याच्या फासळ्या आधी लांब पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून तिरक्या घासायच्या, फळी प्रत्येक फासळीवर पूर्ण टेकली पायजे. जहाजाचा घेर मधी जास्त अन् नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, कमी, म्हणून प्रत्येक फळी टोकाकडं निमुळती करावी लागते, नाहीतर पुढं सगळ्या एकमेकीवर चढतात. फळी पाण्यात भिजवायची, गरम करून वाकवायची अन् वाळू द्यायची. घाई केली की कडाक! अन् एक, उन्हाळ्यात कूलरच्या झोतात काम ठेवू नको, ओलं-कोरडं होऊन फटी पडतात.

लेणी_वाटसरू:
वरच्या दादांशी सहमत, पण "यात काय असतंय" याला माझं उत्तर वेगळं हाय. सतराव्या शतकात इंग्रजांच्या आरमारात जहाजांची जी मॉडेलं बनायची, त्यातल्या बऱ्याच जणांच्या खालच्या अंगाला मुद्दाम फळ्याच लावलेल्या नसायच्या, आतला सांगाडा दिसावा म्हणून. मला तीच सगळ्यात देखणी वाटतात, रंगरंगोटीवाली त्यांच्यापुढं फिकी. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडात कैदेत पडलेल्या फ्रेंच लोकांनी तर जेवणातल्या हाडांपासून जहाजं कोरली अन् विकली, काहींचे दोर केसांचे. त्यांच्याकडं ना किट ना दुकान.

अन् मराठवाड्यात बसून व्हिक्टरी कशाला? अजिंठ्याच्या दोन नंबर लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं हाय, नाळेवर डोळा काढलाय, आत रांजण मांडलेत. ते कर की!

परभणीची_ताई:
अजिंठ्याचं कल्पना म्हणून झकास हो, पण नवशिक्याला नको. चित्रात जहाज एका बाजूनं दिसतं, पोटातल्या फासळ्या कुणी बघितल्यात? नौदलानं त्याच चित्रावरून आयएनएसव्ही कौंडिण्य बांधलं, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून, २०२५ ला कारवारला दाखल केलं, त्याच्या आधी आयआयटी मद्रासला मॉडेल तपासून घ्यावं लागलं. नौदलाला लागलं तर आपण कोण!

मांजराकाठ दादा, तुम्ही मराठा गलबत घ्या. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची छोटी, वल्ह्यांवर चालणारं, तिरकी शिडं, दोर कमी. दोर पॉलिस्टरचा घ्या अन् मेणावरून ओढून घ्या, म्हणजे लव निघत नाही. सुती दोरा पावसाळ्यात एक अन् उन्हाळ्यात दुसराच होतो.

मांजराकाठ:
गलबत पटलं ताई. बायकोबी म्हणली छोटंच करा. एक विचारायचं राहिलं, फळ्यांना खिळे पितळी मारू का? एवढे बारीक इथं मिळंनात.

रंधा_नांदेड:
पितळी कशाला, बांबू घे. पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोकं पाड अन् बांबूची काडी मोठ्या भोकातून ओढत ओढत बारकीपर्यंत ने, दोऱ्यासारखी सळई निघते. फळीत भोक, थेंबभर फेव्हिकॉल, सळई ठोक, वरचं टोक काप. पण बांबू वाळलेला पायजे अन् पेरं टाळून घे, पेरावर हमखास तुटतो.