प्रतिसाद: मिस टीन यूएसएमधला प्रश्नोत्तरांचा फेरा

मिस टीन यूएसए या अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींच्या सौंदर्यस्पर्धेवरच्या या चर्चेत दोन मुद्दे आलेत: 'सगळं टीव्हीवरच ठरतं' आणि '2007 मध्ये उत्तर देताना गडबडलेली ती मुलगी ढ होती'. दोन्ही पटत नाहीत.

पन्नास राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून 51 मुली. त्यांची प्राथमिक फेरी प्रक्षेपणाच्या आधीच उरकते: मुलाखत, स्विमसूट (2016 पासून त्याजागी व्यायामाचे कपडे), गाऊन. टीव्हीवर दिसते ती गाळलेली यादी. परीक्षकांसमोरची बंद दाराआडची मुलाखत, जिथे खरी चाळणी लागते, ती आपल्याला दिसतच नाही.

आता 2007 ची स्पर्धा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाची. प्रश्न असा: एक पंचमांश अमेरिकनांना जगाच्या नकाशावर अमेरिका दाखवता येत नाही, असं का? साउथ कॅरोलिनाच्या स्पर्धकाने 'मला वाटतं'ने सुरुवात केली, पहिलं वाक्य संपायच्या आत दुसरं धरलं आणि मग दक्षिण आफ्रिका, इराक, आशियाई देश असे घोकलेले शब्द ओतले. पाठांतर हेच करतं. प्रश्न 'का' विचारतो आणि तोंडातून तयार भाषण बाहेर पडतं. (तरी ती चौथी आली, हे कुणी सांगत नाही.)

तयारी करून घेताना मी तीनच वाक्यं ठेवायला सांगेन. पहिल्यात थेट उत्तर, प्रश्नातलेच शब्द घेऊन: 'कारण शाळेत भूगोल मागे पडलाय.' दुसऱ्यात एक उदाहरण, एकच. तिसऱ्यात उपाय, आणि गप्प. उत्तराच्या अर्ध्या मिनिटात पन्नास-साठ शब्दच मावतात. अडखळलं तर वाक्य तोडून पूर्णविराम द्यायचा, 'आणि' लावून पुढे रेटायचं नाही. सराव अनोळखी प्रश्नांवर, उभं राहून, हातात माईक धरून.