‘पादचारी मार्ग’ म्हणजे पदपथ की रस्ता ओलांडण्याची जागा?

प्रश्न : शाळेसमोरचा ‘पादचारी मार्ग’ सुरक्षित करावा, असे पत्र आमच्या दादरच्या सोसायटीने संबंधित कार्यालयाला दिले होते. आम्हाला रस्ता ओलांडण्याची जागा अभिप्रेत होती. प्रत्यक्षात पदपथाच्या लाद्या बदलल्या गेल्या आणि पुसट झालेले पांढरे पट्टे तसेच राहिले. शब्द आमचाच चुकला का? तसेच ‘पादचारींना’ लिहावे की ‘पादचाऱ्यांना’?

उत्तर : ‘विद्यार्थी’चे ‘विद्यार्थ्यांना’ होते, तसे ‘पादचारी’चे ‘पादचाऱ्यांना’. मात्र येथे ‘ऱ्या’ हवा, ‘र्या’ नव्हे. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला आणि गुरुस्थानी असलेल्या आचार्याला आपण लेखनात याच खुणेने वेगळे ठेवतो. संस्कृतात स्त्रीसाठी ‘पादचारिणी’ असे रूप होते, पण मराठीत ‘पादचारी’ दोघांनाही चालते. २०२० साली दादरच्या काही सिग्नलवर चालणाऱ्या स्त्रीची आकृती आली, तेव्हा चिन्ह बदलावे लागले, शब्द नाही.

पत्रातला शब्द चुकीचा नव्हता, अपुरा होता. ‘मार्ग’ म्हटले की ज्यावरून पुढे जायचे ती वाट डोळ्यांसमोर येते, म्हणून वाचणाऱ्याने ‘पादचारी मार्ग’चा अर्थ पदपथ असा घेतला. ‘झेब्रा क्रॉसिंग’ सर्वांना कळते. ब्रिटनमध्ये १९५१ साली कायद्याने रूढ झालेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ते नाव पडले. ‘झेब्रा पट्टे’ या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे, कारण तो केवळ रंगाचे नाव सांगतो आणि मग पट्टे रंगवले की काम झाले असे वाटू लागते. वाहनांसाठी पट्ट्यांच्या अलीकडे आखलेली थांबरेषा, रात्रीचा उजेड, दुभाजकापाशी क्षणभर उभे राहता येईल एवढी जागा आणि सिग्नलचा पुरेसा वेळ, हे सारे त्या जागेचेच भाग आहेत. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस १८ मीटर रुंद रस्ता १५ सेकंदांत पार करतो, ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना साडेबावीस सेकंद लागतात.

आणखी एक मत : ‘ओलांडणे’ या क्रियापदाची छटाही पाहावी. आपण मर्यादा ओलांडतो, उंबरठा ओलांडतो, आणि झोपलेल्या मुलाला ओलांडू नये असे घरातली वडीलधारी माणसे बजावतात. त्यामुळे ‘रस्ता ओलांडणारा’ म्हटले की तो वाहनांच्या हद्दीत शिरल्यासारखा भासतो. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ मात्र उलट सांगतात : सिग्नल नसलेल्या अशा जागी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट द्यायची असते. क्रियापद रुळलेले आहे, ते बदलू नये. पण पत्रात ‘वाट देणे’ हा शब्दप्रयोग अवश्य यावा, म्हणजे कर्तव्य कोणाचे ते वाक्यातच कळते.

प्रश्नकर्त्याकडून : आभारी आहे. नव्या पत्रात असे लिहिले आहे : “शाळेच्या फाटकासमोर पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याच्या जागी पट्टे व थांबरेषा नव्याने आखाव्यात, दिवा लावावा आणि वाहनांनी पादचाऱ्यांना वाट द्यावी असा फलक लावावा.” ‘पदपथ’ हा शब्द मुद्दाम कोठेही येऊ दिलेला नाही.