कॅथीड्रल: शब्द कोणता, क्रियापद कोणतं?

प्रश्न

जर्मनीतल्या कोलोनचं कॅथीड्रल बघून आलो त्या रात्री आईचा फोन: "दर्शन नीट झालं ना रे?" मी देव मानत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी तिच्या तोंडी हाच शब्द आला. "हो" म्हणताना मी अडखळलो. "पाहिलं" म्हणावं तर किल्ला पाहिल्यासारखं वाटतं, आणि मी तर तिथे तासभर गप्प बसून होतो. अशा भेटीला मराठीत काय म्हणाल? आणि कॅथीड्रलला? 'मोठं चर्च' पटत नाही.

उत्तर

पटू नयेच. आकाराचा इथे संबंध नाही. ग्रीक 'काथेद्रा' म्हणजे आसन. बिशपचं आसन जिथे, ते कॅथीड्रल. रोमचं सेंट पीटर्स एवढं अवाढव्य, पण ते कॅथीड्रल नव्हे. रोमचा बिशप म्हणून पोपचं आसन आहे लॅटरनच्या सेंट जॉन चर्चमध्ये. शंकराचार्यांचं पीठ म्हणतो, तसं 'बिशपपीठ' का म्हणू नये?

जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमधलं 'से' बघा. लॅटिन 'सेदेस', म्हणजे पुन्हा आसनच, त्याचं हे पोर्तुगीज रूप. या 'सेदेस'चं, 'काथेद्रा'तल्या 'हेद्रा'चं आणि संस्कृत 'सद्' (बसणे) धातूचं मूळ एकच. सदन, परिषद, उपनिषद त्याच 'सद्'चे. शब्द परका वाटतो, पण नात्यातला आहे.

आणखी एक उत्तर

बिशपपीठ अर्थाला चोख, पण बोलण्यात रुळेल असं वाटत नाही. मी कॅथीड्रलच म्हणेन. कोलोनचे लोक मात्र 'डोम' म्हणतात, आणि आपल्याला वाटतं घुमट! तिथे घुमट नाहीच, 157 मीटर उंचीचे दोन मनोरे आहेत. हा 'डोम' लॅटिन 'दोमुस'वरून, म्हणजे घर. वेदांमधला 'दम' (घर) त्याचाच भाऊबंद; 'दंपती' म्हणजे मुळात घराचा धनी. आपलं देऊळही 'देवकुल'वरून आलेलं, देवाचं घरच.

दर्शनाचं म्हणाल, तर धातू 'दृश्', नुसतं बघणं. पण शतकानुशतकं हात जोडून बघितल्यावर तो शब्द आता मोकळा राहिलेला नाही. नास्तिकाने तो उसना घेऊ नये असं माझं मत.

प्रश्नकर्ता

'सद्'पाशी मी थबकलो. मी बसलो होतो ते दक्षिणेच्या खिडकीसमोर. तिथली जुनी काच दुसऱ्या महायुद्धात गेली. 2007 साली गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराची नवी बसवली: 72 रंगांचे 11,263 चौकोन, एकाही संताचं चित्र नाही. ऊन सरकेल तसे रंग दगडावरून सरकत होते. 1248 साली पाया घातलेली इमारत 1880मध्ये पुरी झाली. पाया खोदणाऱ्यांपैकी कुणालाच शेवट दिसला नाही, हे तिथे बसूनच जाणवलं.

देवळातून निघताना आपण पायरीवर क्षणभर टेकतो ना, तसंच होतं ते. आईला काल सांगितलं, "कोलोनला जरा टेकून आलो." तिला लगेच कळलं.